टिट-टिट! फलाटावर कोण बोलतंय?

शू! जरा जवळ ये, दोस्ता. कान दे.

आपण आत्ता डोंबिवली स्टेशनात उभे आहोत. संध्याकाळचे सहा वाजलेत. काय काय ऐकू येतंय सांग बरं! वरच्या भोंग्यातल्या ताई कुठली लोकल येतेय ते सांगताहेत. कुणाचं तरी बाळ रडतंय. पलीकडच्या फलाटावरून एक फास्ट लोकल धाडधाड करत निघून गेली. चपलांची चटचट, पिशव्यांची खसखस, हाका, हसणं!

आणि या सगळ्या कल्लोळात मधेच... टिट. टिट. टिट. टिट.

आलं ऐकू?

कोण असेल? पक्षी? छे! कुणाचा मोबाईल? नाही. मागे येणारा ट्रक? अरे, फलाटावर ट्रक कसा येईल!

वर बघ. फलाटाच्या छपराखाली चाकांच्या खुर्चीचं चित्र असलेली पाटी आहे. तिथेच एक छोटीशी पेटी लावलेली असते. तिला म्हणतात बीपर. ठाणे, कल्याण, डोंबिवली अशा आपल्या लोकलच्या स्टेशनांवर ती दिवसभर एकच गोष्ट सांगत असते. ओळख पाहू, काय?

ती म्हणते, ‘इकडे ये, इकडे ये! दिव्यांगांचा डबा इथेच थांबणार आहे!’

ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांना ही पाटी दिसणार कशी? म्हणून पाटीलाच आवाज दिलाय. बोलणारी पाटी!

आता तुला वाटेल, यात एवढं काय विशेष? थांब, एक छोटंसं गणित करू. बारा डब्यांची लोकल साधारण २५० मीटर लांब असते. तुझ्या शाळेच्या मैदानापेक्षा लांब असेल, हो ना? या लांबलचक गाडीत दिव्यांगांसाठी मोजक्याच छोट्या खोल्या असतात. आणि लोकल थांबते किती वेळ? जेमतेम अर्धं मिनिट! तेवढ्या वेळात तू बुटाची एक नाडी तरी बांधशील का? गाडी आल्यावर डबा शोधत पळायचं म्हटलं तर गाडीच निघून जाईल. म्हणून ती यायच्या आधीच नेमक्या जागी उभं राहायला हवं. आणि ती नेमकी जागा सांगतो आपला टिट-टिट.

पण खरी गंमत तर पुढेच आहे. आवाज कुठून येतोय, हे आपल्याला कळतं कसं?

तुला कान किती? दोन! का बरं दोन? एकानेही ऐकू येतंच की.

समजा बीपर तुझ्या उजवीकडे आहे. त्याचा आवाज आधी उजव्या कानात शिरतो आणि मग डोकं ओलांडून डाव्या कानात. डाव्या कानाला किती उशीर होतो, माहीत आहे? एका सेकंदाचे हजार तुकडे कर. त्यातला एक तुकडा उचल. त्याहूनही कमी वेळ! आणि एवढासा उशीरही तुझ्या मेंदूला कळतो. तू गणिताच्या तासाला जांभई देत असलास तरी तुझ्या डोक्यात असली गणितं फटाफट सुटत असतात!

शिवाय उजव्या कानाला आवाज जरा मोठा लागतो, डाव्याला जरा लहान. कारण मधे आपलं डोकं येतं ना, भिंतीसारखं!

मग बीपर ‘टूऽऽऽ’ असा लांबलचक का वाजत नाही? ‘टिट, टिट’ असा तुकड्या-तुकड्यांनी का बोलतो? कारण पटकन सुरू होऊन पटकन थांबणाऱ्या आवाजाची जागा आपल्याला सहज सापडते. प्रत्येक ‘टिट’ सुरू झाला की मेंदूला नव्याने मोजता येतं, कुठल्या कानात आधी आला! पंख्याची घूं-घूं कुठून येते ते शोधणं कठीण. पण कुणी टिचकी वाजवली की मान आपोआप तिकडे वळते.

घरी करून बघ. हां, फक्त घरीच! फलाटावर डोळे मिटून चालायचं नाही म्हणजे नाही. घरात डोळे बांधून मधोमध बस. ताईला सांग, ‘वेगवेगळ्या जागी जाऊन टिचक्या वाजव.’ तू बोट दाखव. बहुतेक वेळा बरोबर येईल. आता एका कानात बोट घाल आणि पुन्हा खेळ. बघ कशी फजिती होते!

आता कळलं, बीपर बंद पडला तर काय होत असेल? शाळेची घंटा वाजलीच नाही तर तुमचा जसा गोंधळ होईल, तसाच. फक्त इथे गाडी सुटते.

कानांचं झालं. आता खाली बघ. पायाखाली!

फलाटाच्या कडेने हळदीसारख्या पिवळ्या फरशा गेल्यात ना? मी लहान असताना मला वाटायचं, रंगीत दिसावं म्हणून लावल्यात. पण ते आहे पायांनी वाचायचं पुस्तक!

या पुस्तकात दोनच अक्षरं असतात. पहिलं अक्षर, लांब उंच रेघा. शेवग्याच्या शेंगा ओळीने मांडून ठेवल्यासारख्या. अर्थ: ‘चल, पुढे चल, रस्ता मोकळा आहे.’ दुसरं अक्षर, गोल गोल उंचवटे. आईचं आप्पेपात्र उलटं ठेवलं तर कसं दिसेल? अगदी तसं! अर्थ: ‘थांब! पुढे धोका आहे.’ फलाटाची कड, जिन्याची सुरुवात, अशा जागी आप्पेपात्र!

बुटाच्या तळव्यातूनही हे अक्षर पायाला लागतं. पांढऱ्या काठीचं टोक त्यावरून फिरवलं की खडखड आवाजही येतो.

आणि पिवळाच रंग का? इथे मला फार आवडलेली गोष्ट आहे. ज्यांना आपण अंध म्हणतो, त्यातल्या पुष्कळ जणांना थोडंसं दिसतं. धूसर, धुक्यातल्यासारखं. त्या धुक्यातही करड्या फलाटावरचा पिवळा पट्टा उठून दिसतो.

ही युक्ती कुणाची? जपानमधले सेइइची मियाके यांची. त्यांच्या ओळखीच्या एका माणसाची नजर कमी होत चालली होती. त्यासाठी त्यांनी १९६५ मध्ये ही फरशी शोधून काढली. १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरात, अंध मुलांच्या शाळेजवळच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बसवली गेली. एका माणसाच्या काळजीतून निघालेली फरशी, आणि आज ती जगभर पसरलीय. आपल्या डोंबिवलीतसुद्धा!

म्हणून एक सांगते. या पट्ट्यावर कुणी बॅग ठेवली, की मला फळ्यावरचं अक्षर पुसल्यासारखं वाटतं. वाचणारा वाचत वाचत येतो आणि मधेच शब्द गायब!

आता जरा अवघड जागी जाऊ. फलाट आणि डबा यांच्यामधल्या फटीपाशी.

ही फट असतेच का? चिकटवून टाकायचा ना फलाट गाडीला! पण लोकल धावताना डुलते, डावीकडे-उजवीकडे. फलाट फार जवळ असता तर गाडी त्याला घासली असती. आणि फलाट वळणावर असेल तर? जेवणाचं ताट घे. कंपासपेटीतली पट्टी त्याच्या कडेला लाव. मधे टेकते, पण टोकांना फट राहते! ताट म्हणजे वळणदार फलाट, पट्टी म्हणजे सरळसोट डबा. पट्टी काही वाकत नाही.

फटीसारखाच उंचीचाही त्रास. डब्याची जमीन फलाटाहून वर असते. २०१४ मध्ये एक मुलगी या फटीत पडली आणि तिला फार मोठी दुखापत झाली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गाजलं. मग आपल्याकडचे फलाट उंच करायला घेतले गेले, रुळांच्या माथ्यापासून ९०० मिलिमीटरच्या वर. तरी वीतभर चढ राहतोच. तुझ्यासाठी ती एक उडी. पण चाकाच्या खुर्चीला उडी मारता येत नाही ना! आजही खुर्ची डब्यात चढवायला दोघा-तिघांना ती उचलावी लागते. मला ते पटत नाही. आपलं आपण चढता यायला हवं.

बरं, एक मजा ऐक. गर्दी झाली की डबा खाली दबतो! सोफ्यावर पाहुणे बसले की तो दबतो ना, तसा. मग नव्या लोकलमध्ये काय केलंय माहीत आहे? डब्याखाली हवेच्या उशा लावल्यात! माणसं वाढली की उशीत हवा भरते, माणसं उतरली की थोडी हवा सुटते. त्यामुळे डब्याची जमीन साधारण त्याच उंचीवर राहते.

आणि जिना? चाकांना जिना चढता येत नाही. त्यांना हवा उतार. पण किती उतार? नियम असा, की १ फूट वर जायचं तर उताराची लांबी १२ फूट हवी. त्याहून तीव्र केला तर खुर्ची ढकलताना दम लागतो आणि उतरताना ती सुसाट सुटते. घसरगुंडीच होते!

समजा स्टेशनचा पूल ६ मीटर उंच आहे. तर उतार किती लांब? ६ गुणिले १२. म्हणजे ७२ मीटर! लोकलचे तीन डबे एकामागे एक लावले तरी पुरायचे नाहीत. आणि आपल्या गच्च भरलेल्या स्टेशनात एवढी जागा कुठून आणायची? म्हणून तर लिफ्ट हवी. लिफ्ट म्हणजे ७२ मीटरचा उतार घडी घालून कपाटात ठेवलेला!

आता बोटांची पाळी. कल्याणहून गावी जाणारी लांबची गाडी पकडलीस, तर बर्थच्या नंबराजवळ हात फिरवून बघ. काही डब्यांत तिथे बारीक बारीक टिपके असतात. ही ब्रेल लिपी! फ्रान्समधल्या लुई ब्रेल नावाच्या मुलाने ती शोधली, १८२४ मध्ये. तेव्हा त्याचं वय किती? फक्त १५ वर्षं! तुझ्या दादाएवढा असेल.

सहा अंड्यांचा ट्रे आठव. दोन रांगा, तीन-तीन खळगे. फक्त डावीकडच्या वरच्या खळग्यात अंडं ठेवलं, की झाला ‘अ’. त्याच रांगेत वर एक आणि तळाला एक ठेवलं, की झाला ‘क’. कल्याणचा क! आणि आता तोंडात बोट घाल. हाच ‘क’ तमिळ मुलगीही वाचते आणि बंगाली मुलगाही! डोळ्यांनी वाचायला आपल्या देशात किती वेगवेगळ्या लिप्या. पण १९५१ पासून भारतातल्या भाषांसाठी बोटांची लिपी ठरली ती एकच, भारती ब्रेल.

दिव्यांगांच्या त्या डब्यात कोण कोण बसतं, ते सांगायचं राहिलंच. काठीवाले, कुबड्यावाले, कानांनी ऐकू न येणारे. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार सांगितलेत! काही तर वरून दिसतही नाहीत. कर्करोगाचे रुग्णही या डब्यात बसू शकतात. आणि पोटात बाळ असलेल्या आयासुद्धा!

म्हणून तर मीही त्या डब्यात बसले होते. माझा मुलगा पोटात होता तेव्हा. रोज डोंबिवली ते ठाणे.

ठाणं म्हणजे, तुला माहीतच असेल, भारतातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला जिथे पोचली ते स्टेशन. पुढच्याच वर्षी गाडी कल्याणपर्यंत आली.

तर एक काका रोज माझ्यासमोर बसायचे. पांढरी काठी घडी करून मांडीवर ठेवलेली. एकदा डब्यात इतकी गर्दी होती की मला खिडकी दिसेना. स्लो लोकल होती. कुठे आलोय तेच कळेना. मी विचारलं, “काका, कुठलं स्टेशन गेलं हो?”

बघ हं, मी डोळसच विचारतेय आणि कुणाला?

काका म्हणाले, “मुंब्रा गेलं. आता कळवा येईल.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“कान द्या ना! एका कानाला डोंगर आहे, दुसऱ्या कानाला खाडी. डोंगराकडून गाडीचा आवाज परत येतो. खाडीकडून येत नाही, पाण्यावरून निघून जातो.”

मी कान दिला. खरंच की! एक बाजू भरलेली, एक बाजू रिकामी. रोज जात होते मी तिथून, आणि ऐकलंच नव्हतं कधी!

मग काकांनी पारसिकच्या बोगद्याबद्दल सांगितलं. १९१६ पासूनचा हा बोगदा सव्वा किलोमीटरहूनही लांब आहे. पूर्वी फास्ट लोकल त्यातून जायच्या. “आत शिरलं की माठात तोंड घालून ओरडल्यासारखं वाटायचं,” काका म्हणाले आणि मोठ्याने हसले.

कळवा आलं. गेलं. गाडीने पुन्हा वेग घेतला आणि खालून एकदम वेगळाच आवाज आला, पोकळ, घणघणता. काकांनी काठीची घडी उघडली. खट, खट, खट.

“उठा ताई,” ते म्हणाले. “खाडीचा पूल वाजला.”