भरतीची वेळ आणि पक्ष्यांची नावे

चोडणच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यातून परतणाऱ्या अनेकांची तक्रार ठरलेली असते : पक्षी दिसलेच नाहीत. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की अभयारण्य अगदी जवळ. तिकीट काढून आत शिरावे, तासभर चालावे आणि झाडांखेरीज फारसे काही न पाहता परतावे, असे पुष्कळदा घडते. याचे कारण साधे आहे. पाहुणा घड्याळ पाहून येतो आणि पक्षी पाणी पाहून येतात.

सलीम अलींचे निधन १९८७ साली झाले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे हे अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्यातील अभयारण्यांत सर्वांत लहान. जवळजवळ सगळे कांदळवनच. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. भरतीत चिखल पाण्याखाली जातो आणि त्यावर चरणारे पक्षी आसपासच्या उंच जागी किंवा खाजनात सरकतात. खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन. तिच्या मानशीची दारे भरतीच्या दाबानेच मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. पाणी ओसरू लागले की चिखल उघडा पडतो, आणि मग मेजवानी सुरू होते.

ही वेळ काढण्याचा ढोबळ हिशेब कोकण किनाऱ्यावर पूर्वापार चालत आला आहे : तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता भरती. तृतीयेला तीन पाऊणे सव्वादोन. ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी, म्हणजे सकाळी साडेआठच्या आसपास. अष्टमीला भरती सहाला. तेव्हा सकाळी सातला दुर्बीण घेऊन उभे राहणाऱ्याला पाणीच दिसणार. नदीच्या आत पाणी थोडे उशिरा चढते, एवढी सूट धरावी. छापील भरतीपत्रक अर्थातच अधिक अचूक. पण ज्या भाषेत पाऊणकीचा पाढा होता, त्या भाषेत समुद्राचे वेळापत्रक पंचांगाच्या पानावर वाचता येत होते, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे. होडीतून आतल्या खाडीत जायचे असेल तर मात्र उलटा हिशेब. तिथे भरतीच हवी.

ओहोटीचा चिखल नुसता उभे राहून पाहावा. तिवराची श्वसनमुळे पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली असतात. कांदळाचे बीज झाडावर असतानाच रुजते आणि लांब शेंगेसारखे लोंबते. निवटी नावाचा मासा पाण्याबाहेर परांवर सरपटत उड्या मारतो. एकच नांगी अवाढव्य असलेले नर खेकडे ती हलवून माद्यांना बोलावतात. पक्षी येतात ते या खाद्यासाठी. हिवाळ्यात, साधारण ऑक्टोबर ते मार्च, त्यांत दूरदेशीचे पाहुणेही असतात. तुतवार शेपटाकडचा भाग सतत खालीवर हलवत काठाने धावतो. पांढऱ्या गळपट्ट्याचा, निळसर हिरवा खंड्या कांदळवनातला; त्याच्यासाठी पक्षिप्रेमी मुद्दाम चोडणला येतात.

आणि वंचक. हा लहानसा बगळा चिखलाच्या रंगाचा होऊन इतका स्तब्ध बसतो की पायाशी असूनही दिसत नाही. उडाला की पंख एकदम पांढरेशुभ्र. क्षणापूर्वी तिथे बसलेला हाच का, असा प्रश्न पडतो. त्याचे इंग्रजी नाव तो तळ्याकाठी असतो एवढेच सांगते. मराठी नाव तो काय करतो ते सांगते. मराठी पक्षिनावांत असे निरीक्षण जागोजागी आहे. टिटवीच्या नावात तिचा आवाज आहे. सुतार, तांबट, शिंपी, परीट ही तर गावातल्या कामकऱ्यांचीच यादी. तांबटाची एकसुरी टकटक ऐकून भांड्यावरचा हातोडा आठवला नाही असा मनुष्य विरळा. अर्थात तांबटआळीच ज्याने पाहिली नाही त्याला पक्ष्यावरूनच ती कल्पावी लागेल!

अलीकडच्या मराठी प्रवासलेखनात मात्र या नावांच्या जागी एक तर ‘रंगीबेरंगी पक्ष्यांचा थवा’ येतो, नाही तर इंग्रजी नावांची देवनागरीतली यादी. मला पहिला प्रकार अधिक घातक वाटतो. यादीतून निदान पक्षी शोधता येतो. ‘रंगीबेरंगी’तून काहीच हाती लागत नाही. मारुती चितमपल्ली वनखात्यात वावरले, रानातल्या माणसांकडून नावे गोळा करत राहिले आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले. सन्मान झाला, कोश वर्गात किती वेळा उघडला जातो, हे प्रत्येक अध्यापकाने आपल्यापुरते पाहावे.

कोशातले प्रत्येक नाव बोलण्यात रुळेलच असे नाही. मिटल्या चोचीतही मध्ये फट राहते आणि त्या चोचीने गोगलगायीचे मांस बाहेर काढता येते, अशा करकोच्याला ‘मुग्धबलाक’ म्हणतात. नाव गोड, पण चोचीबद्दल मुके. ‘उघड्या चोचीचा करकोचा’ हे लांबट नाव मला तिथे बरे वाटते. चोडणला विद्यार्थ्यांना नेताना वहीत तीन रकाने आखायला सांगावेत : तिथी व पाण्याची स्थिती, पक्षी काय करत होता, आणि होडीवाल्याने त्याला काय म्हटले. होडीवाला बहुधा कोकणी नाव सांगेल. ते जसे ऐकू आले तसेच लिहावे, आणि कोशातले नाव शेजारी, घरी आल्यावर.