पेडण्याच्या घरातील अंधाऱ्या खोल्या

आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी आणि बांदा मागे टाकले की पत्रादेवीपाशी गोव्याची हद्द लागते. तेथून पुढचा मुलूख पेडण्याचा. आपली कोल्हापूरची मंडळी गोव्याला जातात ती बहुधा पेडणे न पाहताच पुढे निघून जातात. जे कोणी थांबतात ते देशप्रभूंचा चौकामागून चौक असलेला वाडा पाहतात, भगवतीच्या देवळापुढचे दोन भव्य दगडी हत्ती पाहतात, आणि कोजागरीला आले असतील तर तेथील प्रसिद्ध पुनव पाहतात. २०२३ पासून मोप्याच्या विमानतळावर विमाने उतरू लागली, तेव्हापासून वर्दळ आणखी वाढली आहे. तरी पाहुण्याला सोप्यावर बसवून आतिथ्य करणारे कोणतेही घर त्याला आपली बाळंतिणीची खोली दाखवीत नाही, माळ्यावर नेत नाही, की दोन वाटण्यांमधल्या बोळात उभे करीत नाही. मला आज लिहावयाचे आहे ते याच जागांविषयी. कारण जुन्या घरात राहावयाचे की ते सोडून द्यावयाचे, हा प्रश्न शेवटी दिवाणखान्यात सुटत नाही. तो अशाच अडचणीच्या जागांत सुटतो किंवा फसतो.

पेडणे हा अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडे गेलेला, त्यापूर्वी सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखालचा प्रांत. साहजिकच येथील घरांचे वळण सावंतवाडीशी अधिक जुळते. माझ्या आईचे माहेर येथले. घर मोठे म्हणावे असे नाही आणि लहानही नाही. पुढे सोपा, मग माजघर, मध्यभागी राजांगण, त्यात तुळस, आणि राजांगणाच्या मागच्या अंगाला देवघर, बाळंतिणीची खोली व स्वयंपाकघर एका ओळीने. भिंती दीड फूट जाडीच्या, चिऱ्याच्या. हा तांबडा दगड खाणीतून काढताना इतका मऊ असतो की पात्याने कापावा, आणि वारा लागला की कठीण होतो. छपराला मंगलोरी कौले. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे या सबंध किनाऱ्यावरच्या घरांचे डोके लाल झाले. भिंती मात्र छपरापर्यंत जात नाहीत. त्या पुरुष-दीड पुरुष उंचीवर थांबतात आणि वर वासे मोकळे असतात, म्हणजे वारा एका खोलीतून दुसरीत फिरतो. दरसाल सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस जेथे पडतो तेथे हा वारा नसेल तर चार महिन्यांत कपड्यांना आणि कपाटांना बुरशी धरते.

ज्या जागा आज आपल्याला अडचणीच्या वाटतात त्या बांधणाऱ्याने अडचण म्हणून बांधलेल्या नव्हत्या. बाळंतिणीची खोली काळोखी, कारण बाळबाळंतिणीला वारा लागू नये. ती स्वयंपाकघराला लागून, कारण चुलीची ऊब भिंतीतून यावी आणि न्हाणीच्या भाणातले कढत पाणी हाताशी असावे. (आपण ज्याला बंब म्हणतो त्याचे काम तिकडे चुलीवर बसवलेले तांब्याचे भाण करी.) माळा बुटका, कारण तो माणसांसाठी नव्हताच, तो नारळ, सोले आणि बियाण्यासाठी. पुढे बाळंतपणे इस्पितळात होऊ लागली, चूल जाऊन गॅस आला, नारळ बागेतच विकले जाऊ लागले. काम गेले आणि नुसता काळोख उरला. मग त्या खोलीत मोडक्या खुर्च्या आणि गळकी पिंपे जाऊन बसली.

आता या घराच्या कामात कोल्हापूरच्या भाच्याचा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध कायद्याचा आहे. १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. १९६१ साली गोवा मुक्त झाला तरी तिचा कुटुंबविषयक भाग चालू राहिला. वारशापुरती तिची जागा पुढे गोव्याच्या स्वतःच्या, २०१२ सालच्या कायद्याने घेतली. त्याचा अंमल २०१६ पासून. या साऱ्यात एक सूत्र कायम राहिले, ते म्हणजे आईबापांच्या मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच. आपल्याकडे हे समजावयाला फार उशीर लागला. त्या न्यायाने माझ्या आईचा हिस्सा तिच्या पश्चात माझ्याकडे आला, आणि घराची भिंत फोडावयाची तर मामेभावाला माझी संमती कागदावर हवी होती. या न्यायाची दुसरी बाजूही आहे. हिस्सेदार वाढत जातात, कोणी मुंबईला, कोणी आखातात, आणि सह्या गोळा होईपर्यंत वासे कुजतात. गोव्यात कौले ढासळलेली, आत झाडे उगवलेली घरे पुष्कळ दिसतात. त्यांतील प्रत्येकाला मालक नाही असे नाही. बहुधा फार मालक आहेत.

घाई होती ती मामीसाठी. मामी आता शहात्तर वर्षांची. संडास मागीलदारी, परसाच्या टोकाला. पावसाळ्याच्या एका रात्री ती हातात बॅटरी घेऊन निघाली आणि शेवाळावरून घसरली. मनगटावर निभावले. धाकटा मामेभाऊ पणजीला नोकरीला असतो. तो म्हणाला, "आईला आता माझ्याकडेच नेतो, घराला कुलूप लावू." मामी नाही म्हणाली. तेव्हा घरातच एक मोरी-संडास करणे एवढा एकच मार्ग उरला.

तो कोठे करावा यावर दोन दिवस वाद झाला. राजांगणाचा एक कोपरा अडवून वर स्लॅब टाकावा, अशी एका ठेकेदाराची सूचना होती. सोपी खरी; पण त्या कोपऱ्यात स्लॅब आला की माजघराचा उजेड जातो, आणि चारी छपरांचे पाणी ज्या मोरीने बाहेर पडते ती बंद होते. दुसरी जागा म्हणजे बाळंतिणीची खोली. नऊ फूट लांब, सहा फूट रुंद, मामीच्या खाटेपासून दहा पावलांवर, आणि तिची मागची भिंत घराच्या बाहेरची, म्हणजे नळ बाहेर काढणे सोयीचे. पण तिच्या डाव्या भिंतीपलीकडे देवघर. थोरला मामेभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, तो ऐकेना. देवांच्या भिंतीला भिंत लावून संडास, हे त्याला पटणे शक्य नव्हते. त्याच्याशी वाद घालावा असे मलाही वाटले नाही. श्रद्धेच्या गोष्टीत तिसऱ्याने तोंड घालू नये. शिवाय ज्या पूजेसाठी तो दर चतुर्थीला रजा काढून येतो त्या पूजेबद्दल माझ्या मनात आदर आहे.

निकाल मामीने दिला. ती इतका वेळ गप्प बसून तांदूळ निवडीत होती. ती म्हणाली, "अरे, माझी तिन्ही बाळंतपणे त्याच खोलीत झाली. तू तिथलाच. दहा दहा दिवस सोयर होते, मी आत, आणि पूजेला बाहेरून भटजी येत. देव तेव्हा ह्याच भिंतीपलीकडे होते ना? ते कुठे उठून गेले?" दादा काही बोलला नाही. थोड्या वेळाने उठून त्याने स्वतःच खोलीतल्या खुर्च्या बाहेर काढावयाला सुरुवात केली.

पुढचे काम मेस्त्रीचे. देवघराकडच्या भिंतीला नळ नाही, पाणी नाही; तेथे फक्त पंचे-कपड्यांचे कपाट. सारे पाणी मागच्या भिंतीकडे, आणि फरशीचा उतारही तिकडेच. दार सव्वादोन फुटांचे होते. ते तीन फुटांचे केले, म्हणजे उद्या चाकांची खुर्ची वापरण्याची वेळ आली तरी आत जाईल. त्यासाठी वरचा भार टेकूंवर घेऊन एकेक चिरा सोडवावा लागला आणि नवी तुळई बसवावी लागली. वीतभर उंचीचा उंबरठा काढून टाकला. फरशा खरखरीत, आणि भिंतीला त्या छातीपर्यंतच. वर चुन्याचा गिलावा, कारण चिरा हा श्वास घेणारा दगड आहे. त्याला सिमेंटने लिंपले की आत शिरलेली ओल बाहेर पडत नाही आणि भलतीकडे, म्हणजे येथे देवघरात, पोपडे धरून फुटते. धरावयाच्या दांड्याचा प्रश्न वेगळाच निघाला. चिऱ्यात भोक पाडून साधा स्क्रू ठोकला तर भोवतीचा भुगा होतो आणि नेमका भार पडेल त्या दिवशी दांडा हातात येतो. म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीत आरपार बोल्ट घालून पलीकडे लोखंडी पट्टी लावली. त्या पट्टीवर वहिनींनी दुसऱ्याच दिवशी झारे आणि पळ्या अडकवल्या.

राहिला वरचा मोकळा भाग. भिंत छपरापर्यंत नसल्यामुळे आवाज आणि वास दोन्ही घरभर फिरले असते. येथे तक्तपोशी करावीच लागली. तिच्यात काचेचा चौकोन ठेवला आणि त्याच्या नेमके वर एक मंगलोरी कौल काढून काचेचे बसवले. हवेचा नळ कौलांच्या वर नेला. सकाळी दहाला त्या खोलीत आता उन्हाचा एक तुकडा उतरतो. मामीने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाली की या खोलीत ऊन कसे दिसते हे तिला पन्नास वर्षांत ठाऊक नव्हते.

मी गाणे शिकवणारा माणूस, तेव्हा एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. उघड्या चिऱ्याच्या सोप्यात गायले की तो दगड आवाज पिऊन टाकतो. स्वर पूर्ण लावल्याखेरीज परत काही येत नाही. फरशा लावलेल्या लहान खोलीत उलट, अर्धवट लावलेला स्वरही भरदार होऊन परततो. दादाची मुलगी गाणे शिकते. नवी खोली झाल्यापासून ती तेथेच जास्त गाते, असे घरचे म्हणतात. मी तिला रियाजाला सोप्यावर बसावयाला सांगितले आहे. जिन्याखालचे कपाट तिने तंबोऱ्यासाठी मागितले, त्यालाही मी नकार दिला. पावसाळ्यात बंद जागेत भोपळ्याला बुरशी येते.

माळ्याचे काम मात्र जमले नाही. चूल होती तोवर धुराने वासे काळे ठिक्कर होत आणि कीड त्यांच्या वाऱ्याला उभी राहत नसे. धूर गेला आणि वाळवी आली. दोन तुळया पोखरलेल्या निघाल्या. वर निजावयाची खोली करण्याचा धाकट्याचा बेत होता, तो सोडून तुळया बदलल्या आणि वरचे ओझे उतरवले. एवढ्यावरच समाधान मानले ते बरेच झाले.

शेवटची जागा बोळाची. आजोबांच्या वेळी वाटणी झाली तेव्हा एका घराची दोन करताना मध्ये तीन फुटांची पट्टी सुटली. तिच्यावर दोन्ही बाजूंच्या वळचणींच्या पागोळ्या पडतात, दोन्ही बाजूंच्या भिंती ओल्या होतात, आणि ती कोणाचीच नसल्यामुळे कोणीच काही करीत नाही. पलीकडच्या घराशी बोलणे-चालणे कित्येक वर्षे बंद होते. दादा यंदा स्वतः तिकडे गेला. बोळावर छप्पर घालावयाला ते तयार नाहीत. त्यांना वाटते की छप्पर झाले की जागेवर हक्क सांगितला जाईल. पण दोहोंत मिळून एक पन्हळ बसवावयाची आणि खर्च निम्मा-निम्मा करावयाचा, इतके ठरले. मेस्त्रीने त्याला "उद्या येतो" असे सांगितले आहे. पेडण्यात या शब्दाला इतिहास आहे. तेथील भूतनाथाला आपले देऊळ एका रात्रीत बांधून हवे आहे, ते होत नाही म्हणून तो पुनवेला रुसून निघतो, आणि गावकरी दरसाल बांधून देण्याचा शब्द देऊन त्याला परत आणतात, अशी कथा आहे. पन्हळीला तेवढा अवकाश नाही. मृगाच्या आत ती बसली पाहिजे, म्हणून दादाने पत्रा आणि आकडे आधीच आणून सोप्यावर ठेवले आहेत.