ध्रुवावरच्या हवाई सहली आणि बर्फाचा हिशेब

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न, सिडनी अशा शहरांतून, आपल्याकडे थंडी पडते त्या दिवसांत, एक चमत्कारिक सहल निघत आली आहे. सकाळी विमानात बसायचे, चार-पाच तास समुद्रावरून दक्षिणेकडे जायचे, अंटार्क्टिका खंडाच्या बर्फावर तीन-चार तास घिरट्या घालीत खिडकीतून खाली पाहायचे, आणि रात्री पुन्हा निघाल्या ठिकाणी येऊन उतरायचे! बारा-तेरा तासांचा प्रवास, पण बर्फाला पाय म्हणून लागत नाही. अशा सहली प्रथम १९७७ साली सुरू झाल्या. १९७९ च्या एका भीषण अपघातानंतर त्या थांबल्या आणि १९९४ पासून ऑस्ट्रेलियातून पुन्हा निघू लागल्या.

वाचकहो, या सहलीला जाणारा माणूस म्हणतो, "मी तिथे उतरतही नाही, कागदाचा कपटा टाकीत नाही. मग माझ्यामुळे बिघडले काय?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना हवा, बर्फ व समुद्र यांच्याविषयी पुष्कळ काही शिकण्यासारखे आहे. तुम्ही म्हणाल, आमच्या गावाला एस. टी. दिवसातून दोनदा येते, आम्हाला त्या ध्रुवाशी काय कर्तव्य? त्याचा संबंध पुढे येईलच.

आधी दोन्ही ध्रुवांतील फरक ध्यानात घेऊ. उत्तर ध्रुवावर समुद्र आहे, आणि दुधावर साय यावी तसा त्यावर बर्फाचा थर तरंगतो. दक्षिण ध्रुवावर जमीन आहे, आणि तिच्यावर सरासरी दोन किलोमीटरच्या आसपास जाडीचा बर्फ बसलेला आहे. दोन्हीकडे प्रवासी विमानाने जातात. उत्तरेस नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर लाँगयिअरब्येन नावाच्या गावी १९७५ सालापासून मोठा विमानतळ आहे. दक्षिणेस चिली देशातील पुंता अरेनास गावाहून दोन तासांत किंग जॉर्ज बेटावर उतरता येते. बोटीला तेवढ्याच वाटेसाठी खवळलेल्या समुद्रातून दोन दिवस लागतात. आणखी आत, वाऱ्याने घासून गुळगुळीत झालेल्या निळ्या बर्फाचीच धावपट्टी करतात. २ नोव्हेंबर २०२१ रोजी केपटाऊनहून निघालेले एअरबस ए-३४० जातीचे अवजड विमान अशाच बर्फावर उतरले.

आता न उतरणाऱ्या सहलीचा हिशेब मांडू. गुरुजींनी तो फळ्यावर घ्यायला हरकत नाही. विमानाचे इंधन आपल्या रॉकेलच्याच जातीचे असते. ते जळताना त्यातील कार्बन हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो, म्हणून १ किलो इंधनापासून ३ किलोंहून थोडा अधिक, नेमके सांगायचे तर ३.१६ किलो, कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. ड्रीमलायनर जातीचे विमान तासाला ढोबळ मानाने ५ टन इंधन जाळते. बारा तासांचे ६० टन झाले, आणि त्यापासून वायू झाला सुमारे १९० टन. विमानात २०० प्रवासी धरले तर माणशी जवळजवळ १ टन! सरासरी भारतीय माणसाच्या वाट्याला वर्षाकाठी सुमारे २ टन येतो. म्हणजे त्याच्या सहा महिन्यांचा वाटा हे प्रवासी एका दिवसात हवेत सोडतात.

१ टन म्हणजे बर्फाचे किती नुकसान? २०१६ साली डिर्क नोट्झ आणि ज्युलियन स्ट्रोव्ह या दोन संशोधकांनी बऱ्याच वर्षांच्या नोंदी पडताळून दाखवले की, हवेत सोडलेल्या दर १ टन कार्बन डायऑक्साइडमागे उत्तर ध्रुवसमुद्रावरचा सप्टेंबर महिन्यातला बर्फ सुमारे ३ चौरस मीटरने कमी होतो. ३ चौरस मीटर म्हणजे अंगणात दोन बाजा शेजारी-शेजारी टाकल्या तर जेवढी जागा जाईल जवळजवळ तेवढी. एका प्रवाशामागे दोन बाजांएवढा बर्फ, आणि सबंध विमानामागे साडेपाच गुंठे. आपल्याकडे बांध कोरून कोणी साडेपाच गुंठे घेतले तर प्रकरण तालुक्याच्या कोर्टात जाते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हा वायू सगळ्या जगाच्या हवेत मिसळतो, म्हणून हा हिशेब कोणत्याही विमानाला लागू आहे. मुंबईहून लंडनला जाणाऱ्या विमानालाही. मग ध्रुवावरच्या विमानाचे वेगळे ते काय?

वेगळी गोष्ट आहे काजळीची. लडाख-लाहौलकडचे शेतकरी वसंत ऋतूत शेतावरच्या बर्फावर माती पसरतात. पांढरा बर्फ ऊन परतवून लावतो, काळपट माती ऊन पिते, आणि बर्फ लवकर वितळून शेत पेरणीला मोकळे होते. ताज्या बर्फावर पडलेल्या उन्हापैकी शेकडा ८० हून अधिक भाग परत जातो. उघड्या समुद्रावर पडलेले ऊन बहुतेक सगळे आत मुरते. शेतकरी जे जाणूनबुजून करतो तेच इंजिनाची काजळी नकळत करते. जिथे काळा कणही नव्हता, तिथे थोडी काजळीसुद्धा पुरते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अंटार्क्टिक द्वीपकल्पावरचे बर्फाचे नमुने तपासले होते. बोटी, विमाने, गाड्या, जनित्रे या सर्वांची काजळी धरून, २०१६ ते २०२० या काळात दर प्रवाशामागे सुमारे ८३ टन बर्फ अकाली वितळण्यास हातभार लागला, असा अंदाज त्यात मांडला आहे. झाडे लावून वायूची काही भरपाई होईलही, पण बर्फावर बसलेली काजळी त्याने पुसली जात नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. आपल्या प्रदेशात ढगांचे छत १६-१७ किलोमीटरपर्यंत असते आणि विमाने त्याच्या खालून, १०-१२ किलोमीटरांवरून जातात. त्यांचा धूर पावसाबरोबर धुऊन निघतो; पाऊस ही हवेची झाडलोटच आहे म्हणा ना! ध्रुवाकडे हे छत ८-९ किलोमीटरांवर येते. त्यामुळे लांबच्या प्रवासाला निघालेले विमान तिथे बहुधा छताच्या वरून जाते. वर पाऊसही नाही आणि झाडलोटही नाही. तिथे सोडलेला धूर अधिक काळ टिकून राहतो.

तिसरी गोष्ट आवाजाची. पेंग्विन पक्षी हजारोंच्या संख्येने एकत्र राहतात. १९९० साली ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील मॅक्वारी बेटावर सुमारे ७,००० पेंग्विन चेंगरून मेलेले आढळले. मोठे विमान कमी उंचीवरून गेल्याने घाबरून ते एकमेकांवर कोसळले असावेत, असा तर्क संशोधकांनी केला. ते विमान सहलीचे नव्हते, पण पेंग्विनाला त्याचे काय! पुढे २००४ साली अंटार्क्टिक करारातील देशांनी मार्गदर्शक नियम घातला, की पक्ष्यांच्या वसाहतींवरून ६१० मीटरांपेक्षा खालून उडू नये.

चौथी गोष्ट आपल्या शेतकऱ्याला सांगायला नकोच. गाजरगवत आठवते ना? १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली. परदेशी धान्याबरोबर ते आले असे सांगतात. आज असा बांध दाखवा की जिथे ते नाही! प्रवाशाच्या बुटाच्या तळव्याला, खिशाच्या शिवणीत, पिशवीच्या तळाशी बिया चिकटून येतात. २००७-०८ च्या हंगामात अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांच्या कपड्यांची व सामानाची तपासणी झाली, तेव्हा ज्यांच्याजवळ बिया सापडल्या त्यांच्याजवळ सरासरी ९-१० निघाल्या. किंग जॉर्ज बेटावर तर बाहेरचे एक गवत १९८५ च्या सुमारास रुजलेही. बुटांची धुलाई बोटीवर असो वा विमानात, कसोशीने व्हावी लागते. दोन तासांच्या प्रवासात त्याला सवड कमी. आणि पूर्वी थंडीने मरणारे बी आता थंडी ओसरत चालल्यामुळे जगू शकते.

पाचवी गोष्ट अपघाताची. २८ नोव्हेंबर १९७९ रोजी एअर न्यूझीलंडचे सहलीचे विमान अंटार्क्टिकातील एरेबस पर्वताच्या उतारावर आदळले आणि आतील २५७ माणसे दगावली. मृतदेह काढण्यासाठी न्यूझीलंडहून माणसे धाडावी लागली आणि जवळच्या संशोधनतळांवरील मंडळींना आपली कामे सोडून धावावे लागले. विमानाचे बरेचसे अवशेष आजही त्या बर्फात आहेत. ती जागा पुढे थडगे मानून संरक्षित करण्यात आली. जिथे ना रस्ता, ना इस्पितळ, तिथे एका सहलीची किंमत किती जणांना मोजावी लागते ते यावरून दिसते.

यावर काही जण म्हणतील, शास्त्रज्ञ नाही का विमानाने जात? जातात, आणि त्यांची काजळीही काळीच असते. त्यांच्या कपड्यांतही बिया सापडल्या. त्यांनाही शिस्त हवीच. परंतु १९८५ साली ओझोनच्या थराला पडलेले छिद्र लक्षात आले ते अंटार्क्टिकातल्या नोंदींमुळे, आणि त्याचा लाभ सगळ्या जगाला झाला. दुसरा आक्षेप असा की, बहुतेक प्रवासी बोटीने जातात आणि बोटीही काही कमी इंधन जाळीत नाहीत. हेही खरे. २०२३-२४ च्या हंगामात अंटार्क्टिकाला सुमारे १ लाख २२ हजार प्रवासी गेले; विमानाने जाणारे त्या मानाने थोडे. पण १९९१-९२ साली सगळे मिळून सहा-सात हजारच होते! संख्या थोडी असते तेव्हाच नियम घालणे सोपे असते. पुढे धंदा वाढला, धावपट्ट्या झाल्या, लोकांची पोटे त्यावर अवलंबून राहिली, की नियमाची गोष्ट काढणाराच वाईट ठरतो.

आता मुख्य प्रश्न. नियम घालायचा कोणी? उत्तरेस स्वालबार्डवर नॉर्वेचे राज्य आहे. त्या सरकारने ठरवले आणि २०२५ पासून तेथील संरक्षित भागात २०० हून अधिक प्रवाशांची बोट नेण्यास बंदी झाली. अंटार्क्टिकावर कोणा एकाचे राज्य चालत नाही. १९५९ साली १२ देशांनी करार केला, तो पुढे वाढत गेला. पर्यावरणरक्षणाचा त्याचा जोडकरार १९९१ साली झाला आणि १९९८ पासून अमलात आला. कोणतेही काम करण्याआधी त्याचा निसर्गावर काय परिणाम होईल ते तपासले पाहिजे, असे त्यात बंधन आहे. पण एका हंगामात किती माणसे, किती विमाने, याची मर्यादा त्यात नाही. आणि या देशांच्या सभेत निर्णयाला सर्वांची संमती लागते. एकाने मान हलवली की ठराव अडला.

या सभेत भारताला १९८३ पासून निर्णयाचा अधिकार आहे. आपली पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये निघाली ती आपल्या शेजारच्या गोव्याहून, बोटीने. आजही या कामाची राष्ट्रीय संस्था गोव्यात वास्को येथे आहे, आणि 'मैत्री' व 'भारती' ही आपली केंद्रे तिकडे आहेत. २०२२ साली आपल्या संसदेने अंटार्क्टिकाविषयी स्वतंत्र कायदा केला. मे २०२४ मध्ये ही आंतरराष्ट्रीय सभा केरळात कोची येथे भरली आणि प्रवाशांविषयी एकत्रित नियमावली आखण्याच्या कामाला तेथे हात घालण्यात आला. म्हणजे या प्रश्नात आपल्या देशाला नुसते ऐकायचे नाही, बोलायचे आहे. आणि देश बोलतो तो शेवटी लोक जाणते असतील तर.

आपला संबंध काय, हे पाहण्यासाठी शाळेत एक साधा प्रयोग करावा. दोन पेले घ्या. एकात बर्फाचा खडा पाण्यावर तरंगत ठेवा. दुसऱ्यात पाणी घालून वर गाळणीत खडा ठेवा. दोन्ही पेल्यांवर पाण्याच्या पातळीची खूण करा. बर्फ वितळल्यावर पहिल्यातली पातळी होती तशीच राहील, दुसऱ्यातली वर चढेल. उत्तर ध्रुवाचा तरंगता बर्फ हा पहिला पेला. तो गेला तर समुद्र चढत नाही, पण ऊन परतवणारे पांढरे आवरण जाते. अंटार्क्टिकाचा जमिनीवरचा बर्फ हा दुसरा पेला. १९०० सालापासून जगातील समुद्राची पातळी सरासरी सुमारे २० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर चढली आहे. त्याला कारणे अनेक आहेत. समुद्राचे पाणी तापून फुगणे हे त्यातले एक, जमिनीवरचा बर्फ वितळणे हे दुसरे. कोकणातल्या खाडीकाठच्या शेतकऱ्याला वीतभर पाण्याचा अर्थ सांगावा लागत नाही. उधाणाला बांध फुटून खारे पाणी एकदा भातखाचरात शिरले, की पुढे किती हंगाम ते शेत वाया जाते, हे त्याला ठाऊक असते.

एका विमानाने खाडीचा बांध फुटत नाही, असे भय कोणी घालू नये. पण सहलीची हौस एकाची आणि वाढत्या पाण्याची झळ दुसऱ्याची, हा व्यवहार न्यायाचा नाही. ध्रुव कोणी पाहूच नये असेही म्हणणे नाही. किती जणांनी, कोणत्या वाटेने, किती उंचीवरून जावे आणि कोठे मुळीच जाऊ नये, हे सर्व देशांनी मिळून आधी ठरवावे, एवढेच मागणे आहे. आपल्या वर्गातील मुलांनी साडेपाच गुंठ्यांचा हिशेब एकदा स्वतः करून पाहिला, तर उद्या असा ठराव पुढे आला असता त्याचा अर्थ त्यांना वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.