इमारत उभी राहताना

तुमच्या शाळेच्या वाटेवर एखाद्या नव्या इमारतीचे काम चालू असेल. पत्र्याच्या कुंपणाआडून यंत्रांची घरघर ऐकू येते. वाळूचे ढीग, सळ्यांचे भारे, सिमेंटच्या गोण्या दिसतात. हे पाहून वाटते, केवढा हा गोंधळ! पण तो गोंधळ नसतो. कोणते काम आधी, कोणते नंतर, ते कोणी करायचे आणि त्यासाठी कोणते यंत्र लागेल, हे सारे ठरलेले असते.

सकाळी मुकादम हजेरी घेतो. गवंडी भिंत बांधतो. बिगारी त्याला विटा आणि माल आणून देतो. सुतार फळ्या ठोकतो, फिटर सळ्या वाकवून बांधतो. इमारत, मजूर, मुकादम, हजेरी हे शब्द तुम्हांला परके वाटणार नाहीत. ते अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. ओळंबा हा शब्द मात्र नवा असेल. दोरीच्या टोकाला जड गोळा बांधून भिंत सरळ आहे की नाही हे ज्याने पाहतात, तो ओळंबा. उर्दूत त्याला साहुल म्हणतात.

पहिले काम पायाच्या खोदाईचे. खड्डा खोल गेला की त्याच्या कडांची माती ढासळण्याची भीती असते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच एवढ्या मातीचे वजन दीड टन किंवा त्याहूनही जास्त भरते. ती अंगावर पडली, तर माणसाला श्वास घेता येत नाही. म्हणून कडांना फळ्यांचा आधार देतात. खोदलेली माती काठाला लागून टाकत नाहीत, कारण तिच्याच भाराने कड खचते. या दोन गोष्टींना पैसा आणि वेळ लागतो. घाई असली की नेमक्या याच गोष्टी राहून जातात.

आता स्लॅबचा दिवस पाहा. सिमेंटमध्ये पाणी मिसळले की थोड्या वेळाने ते घट्ट होऊ लागते. मग ते थांबवता येत नाही. समजा, अर्धा स्लॅब झाला आणि मिक्सर बंद पडला. दोन तासांनी काम पुन्हा सुरू केले, तर जुना आणि नवा थर नीट जुळत नाहीत. पुढे पावसाळ्यात तिथूनच पाणी गळते. म्हणून जाणता सुपरवायझर आदल्या दिवशीच मिक्सर चालवून पाहतो, डिझेल आणून ठेवतो आणि जमल्यास दुसरे यंत्रही तयार ठेवतो. तो माणसेही मोजतो. घमेली हातोहात वर जात असतील आणि मध्ये एक माणूस कमी असेल, तर सारी रांग अडते.

उंचावरच्या कामाला क्रेन लागते. क्रेन चालवणाऱ्याला खालचे सगळे दिसत नाही. त्याला हाताने इशारे करायला एकच माणूस नेमतात. दहा जण इशारे करू लागले, तर त्याने कोणाचे ऐकावे? पण ‘थांबा’ हा इशारा कोणीही केला तरी क्रेन थांबलीच पाहिजे. मग तो इशारा नवख्या बिगाऱ्याचा का असेना!

उंचावर काम म्हटले की अपघात व्हायचेच, असे पूर्वी लोक धरून चालत. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे १९३३ ते १९३७ या काळात गोल्डन गेट पूल बांधला गेला. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी पुलाखाली मोठे जाळे बांधवले. कामगारांना डोक्यावर टोप घालणे सक्तीचे केले. जाळ्याला पुष्कळ खर्च आला, पण त्यात पडून १९ कामगार वाचले. मात्र १७ फेब्रुवारी १९३७ रोजी एक जड परांची तुटून त्या जाळ्यावर कोसळली. जाळे फाटले आणि १० कामगार मरण पावले. जाळे माणसांचा भार पेलण्यासाठी होते, परांचीचा नव्हे.

तुमच्यापैकी काहींचे वडील किंवा चाचा हे काम करीत असतील. भारतात बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली स्वतंत्र कायदा झाला. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या नव्या संहितेतही त्यांचा समावेश आहे. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी कल्याणकारी मंडळ आहे. तेथे नोंदणी असेल, तर मुलांच्या शिक्षणालाही मदत मिळते. नोंदणीसाठी वर्षात निदान ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. इथेच अडचण येते. नाक्यावर उभा राहणारा मजूर आज एकाकडे, तर उद्या दुसऱ्याकडे कामाला जातो. त्याने दाखला कोणाकडे मागायचा? म्हणून मिळालेल्या कामाच्या तारखा वहीत लिहून ठेवणे बरे. वडिलांना लिहिता येत नसेल, तर ती वही तुम्ही लिहू शकता.

कामगारांची लहान मुले पूर्वी वाळूच्या ढिगावरच वाढत. १९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामाच्या जागीच या मुलांसाठी पाळणाघर सुरू केले. काम संपले की कामगार दुसरीकडे जातात. मग पाळणाघरही त्यांच्यामागे जाते.

स्लॅब झाल्यावर निदान सात दिवस त्यावर पाणी मारतात. खालचे टेकू लगेच काढत नाहीत. लहान खोलीला सात दिवस, मोठ्या खोलीला चौदा दिवस आणि लांब तुळईला एकवीस दिवस थांबावे लागते. टेकू दुसऱ्या इमारतीसाठी हवे असतात, भाडे वाढत असते, तरीही थांबावे लागते. मग एके सकाळी सुतार येतात आणि एकेक टेकू सावकाश सोडवतात. वर पाहिले की छतावर फळ्यांच्या रेषा उमटलेल्या दिसतात.