विधेयकांचा वेग आणि सभागृहाचा विवेक

विधिमंडळाचे अधिवेशन भरले म्हणजे त्यातील गोंधळाची चर्चा गावभर होते. कोणी सभात्याग केला, कोणी कागद भिरकावले, किती वेळा कामकाज तहकूब झाले, हे सारे चहाच्या दुकानापासून कचेरीपर्यंत सर्वांच्या तोंडी असते. परंतु त्याच अधिवेशनात कोणती विधेयके संमत झाली असे विचारले, तर सुशिक्षित माणूसही क्षणभर विचारात पडतो. वस्तुतः घोषणा सायंकाळपर्यंत विरून जातात आणि विधेयक मात्र मागे राहते. ते कायदा होते आणि ज्याने त्याचे नावही ऐकलेले नाही अशा नागरिकाच्या दारात एके दिवशी येऊन उभे राहते. म्हणूनच विधेयके कोणत्या रीतीने संमत होतात, हा प्रश्न केवळ आमदारांचा आणि घटनापंडितांचा नसून तो तुमच्या आमच्या संसाराचा आहे.

दिल्लीच्या संसदेकडे आपले डोळे लागलेले असतात, हे स्वाभाविक आहे. पण मध्यमवर्गीय माणसाच्या नित्याच्या जीवनाशी राज्याच्या कायद्यांचाच संबंध अधिक येतो. घरभाडे, सहकारी गृहनिर्माण संस्थेचा कारभार, मुलांच्या शाळेची फी, महापालिकेची घरपट्टी या सर्वांचे नियमन मुंबईत आणि नागपुरात संमत झालेल्या कायद्यांनी होते. पगारदाराच्या पावतीवर दरमहा कापला जाणारा व्यवसाय कर हासुद्धा १९७५ सालच्या राज्याच्या कायद्याचा परिणाम होय. रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करावा, शहरातील मिळवत्याने खेड्यातील बेकारास हात द्यावा, हा त्यामागील हेतू होता. हेतू कळला म्हणजे कर देणाऱ्याची कुरकुरही थोडी कमी होते. आणि हेतू कळावयाचा तर विधेयकाची उघड चर्चा झाली पाहिजे.

अशा चर्चेची तजवीज आपल्या व्यवस्थेत पूर्वीपासून आहे. विधेयक प्रथम सभागृहात मांडावयाचे, मग त्याच्या तत्त्वावर बोलावयाचे, त्यानंतर एकेक कलम घेऊन दुरुस्त्यांचा विचार करावयाचा आणि शेवटी समग्र विधेयकास मान्यता द्यावयाची, असा हा क्रम आहे. महाराष्ट्रात २८८ सदस्यांची विधानसभा आणि ७८ सदस्यांची विधान परिषद अशी दोन सभागृहे आहेत. राज्यघटनेच्या १९७ व्या अनुच्छेदाप्रमाणे परिषद विधेयक कायमचे अडवू शकत नाही. पहिल्या खेपेस तीन महिने आणि दुसऱ्या खेपेस एक महिना, एवढाच काळ ते तिच्यापाशी थांबू शकते. घटनाकारांनी परिषदेला नकार देण्याचा अधिकार दिला नाही, पण पुनर्विचाराची सवड दिली. एका सभागृहात सकाळी संमत झालेले विधेयक दुसऱ्या सभागृहात दुपारी संमत होऊ लागले, तर ही सवड कागदावरच राहते आणि दुसरे सभागृह ठेवण्याचे प्रयोजनही उरत नाही.

वेळ मागणे म्हणजे अडवणूक करणे, असा एक समज अलीकडे दृढ होत चालला आहे. त्यावर आमचे उत्तर आमच्याच इतिहासात आहे. १९०१ साली मुंबई कायदेमंडळापुढे जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आले. शेतकऱ्याच्या जमिनीच्या हस्तांतरणावर मर्यादा घालणारे ते विधेयक सरकारने त्याच्या हिताचे म्हणून मांडले होते. फिरोजशहा मेहता यांनी ते लांबणीवर टाकावे अशी दुरुस्ती सुचविली आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी तिला पाठिंबा दिला. ज्याच्या हितासाठी कायदा करावयाचा त्याचे म्हणणे आधी ऐकून घ्या, एवढेच त्या मागणीचे सार होते. सरकारनियुक्तांचे बहुमत ठरलेले असल्याने दुरुस्ती फेटाळली गेली आणि मेहता व त्यांचे सहकारी सभागृहाबाहेर पडले. त्या सभात्यागाची आठवण आजही राहिली, ती त्यामागे विधेयकाच्या अभ्यासाचे बळ होते म्हणून. परकीय सरकारला जे सांगावे लागले तेच स्वकीय सरकारांना पुनःपुन्हा सांगावे लागावे, हे भूषणावह नाही.

घाईची उदाहरणे शोधण्यास दूर जावयास नको. २९ नोव्हेंबर २०१८ रोजी मराठा आरक्षणाचे विधेयक दोन्ही सभागृहांनी एकाच दिवशी, चर्चेविना, एकमताने संमत केले. उच्च न्यायालयाने २०१९ साली आरक्षणाचे प्रमाण कमी करून तो कायदा टिकविला. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी तो रद्द ठरविला. पुढे २० फेब्रुवारी २०२४ रोजी एका दिवसाचे विशेष अधिवेशन बोलावून नवे विधेयक पुन्हा एकमताने संमत करण्यात आले. आरक्षणाच्या गुणदोषांत येथे शिरण्याचा आमचा हेतू नाही. सविस्तर चर्चा झाली असती तर न्यायालयाचा निकाल निराळा लागला असता, असेही आम्ही म्हणत नाही. पण ज्या आक्षेपांना पुढे न्यायालयात तोंड द्यावे लागणार हे उघड होते, त्यांची दखल सभागृहाच्या नोंदीत यावयास नको होती काय? लक्षावधी तरुणांच्या आशा ज्या कागदाला बांधलेल्या आहेत, त्या कागदावर एक दिवससुद्धा कोणी शंका विचारू नये, याला एकमत म्हणावे की धास्ती?

घाईचे दुसरे रूप म्हणजे अध्यादेश. अधिवेशन चालू नसताना तातडीची गरज उद्भवली तर २१३ व्या अनुच्छेदाखाली राज्यपाल अध्यादेश काढू शकतात. पण विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांनी त्याचा अंमल संपतो. अपवादासाठी ठेवलेल्या या वाटेचा हमरस्ता कसा होतो, हे पुण्याच्या गोखले संस्थेतील एका अभ्यासकाने देशाला दाखवून दिले. प्रा. डी. सी. वाधवा यांनी बिहारचे दप्तर तपासले, तेव्हा १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश काढून, पुनःपुन्हा काढून, वर्षानुवर्षे जिवंत ठेवण्यात आल्याचे उघड झाले. काहींचे आयुष्य तर १४ वर्षांपर्यंत पोचले होते. त्यांच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली या प्रकारास घटनेची फसवणूक म्हटले आणि २०१७ साली सात न्यायाधीशांच्या पीठाने तेच तत्त्व अधिक ठामपणे मांडले. एका प्राध्यापकाने सरकारी राजपत्रांचे ढीग चाळले म्हणून हे घडले. निवडून दिलेल्या शेकडो प्रतिनिधींनी तेथे काय केले, हा प्रश्न मात्र उरतोच.

विचार न करता कायदा करणे जितके घातक, तितकेच विचार न करता जुना कायदा चालू ठेवणेही घातक असते. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा तात्पुरता म्हणून आला होता. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूस त्याने आधार दिला, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु भाडी १९४० च्या सप्टेंबरच्या पातळीवर गोठली ती गोठलीच; विधिमंडळाने मुदती वाढविल्या आणि मूळ प्रश्नास हात घालणे टाळले. भाड्यातून डागडुजीचा खर्च निघेना, म्हणून मालकाने हात आखडले. भाडेकरूस दुसरीकडे परवडेना, म्हणून तो गळक्या छपराखाली राहिला. गिरगाव, लालबागच्या चाळींना दिलेले टेकू या न झालेल्या चर्चेचे साक्षीदार आहेत. अखेर १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने, काळ लोटल्यामुळे ही भाडेबंदी अवाजवी झाली आहे, असा निर्वाळा दिला. त्यानंतर १९९९ चा कायदा झाला आणि ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. पन्नास वर्षांत जो तोल साधावयाचा तो न्यायालयाच्या धक्क्यानंतर साधण्याचा प्रयत्न झाला. वरातीमागून घोडे म्हणतात ते याला.

आता आमच्या म्हणण्यावरील सर्वांत सबळ आक्षेप आम्हीच मांडतो. ‘विचार करू’ ही भाषा पुष्कळदा विधेयक मारण्यासाठीच वापरली जाते. जादूटोणाविरोधी कायद्याची कथा याची साक्ष आहे. त्याचा मसुदा २००३ साली पुढे आला, २००५ साली विधानसभेने विधेयकास मान्यता दिली, आणि मग ते परिषदेत व समित्यांत वर्षानुवर्षे रखडले. मसुद्यात बदल झाले, कलमे गळाली, गैरसमज पसरविले गेले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली, आणि चारच दिवसांनी अध्यादेश निघाला. डिसेंबरात त्याचा कायदा झाला. जे दहा वर्षे जमले नाही ते चार दिवसांत जमले, आणि त्यासाठी एका सत्प्रवृत्त माणसाचा प्राण खर्ची पडावा लागला. महाराष्ट्राने ही गोष्ट मान खाली घालूनच आठवली पाहिजे.

पण या कथेचे तात्पर्य ‘चर्चा नको’ असे नव्हे. घाई आणि दिरंगाई या एकाच दोषाच्या दोन बाजू आहेत. दोन्हींत सभागृह आपले काम टाळते. एकदा हात वर करून आणि एकदा हात झटकून. ज्याने वर्गावर शिकविले आहे त्यास हे चटकन पटेल. निबंधाची वही न वाचताच तिच्यावर गुण देणारा आणि वही वर्षभर कपाटात ठेवणारा, हे दोन्ही शिक्षक विद्यार्थ्याचे सारखेच नुकसान करतात.

समितीने मन लावून काम केले तर काय होते, याचे उदाहरणही ताजे आहे. राज्याचे विशेष जनसुरक्षा विधेयक २०२४ च्या जुलैत मांडले गेले आणि त्या वर्षाच्या अखेरीस पुन्हा येऊन दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. समितीकडे बारा हजारांवर सूचना आल्या. जुलै २०२५ मध्ये ते संमत होण्यापूर्वी उद्देशाचे शब्द बदलले, सल्लागार मंडळाच्या रचनेत फेर झाला, आणि तपासाचे काम उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे आले. एवढ्याने आक्षेप मिटले नाहीत, विरोधकांचे समाधान झाले नाही, हेही तितकेच खरे. पण नागरिकाच्या पत्रामुळे कायद्याचा एक शब्द जरी हलू शकत असेल, तर ते पत्र लिहिण्याची संधी प्रत्येक महत्त्वाच्या विधेयकात मिळावयास हवी. २०२१ च्या जुलैत राज्याने शेतीविषयक तीन विधेयके मांडून दोन महिने जनतेच्या सूचनांसाठी ठेवली होती. पुढे केंद्राचे कायदे मागे घेतले गेल्यावर तीही डिसेंबरात मागे घेण्यात आली. त्या दोन महिन्यांत राज्याचे काही बिघडले नाही. उलट चुकीच्या कायद्याचे ओझे शेतकऱ्याच्या शिरावर पडण्याचा एक संभव टळला.

आणि घाईने वेळ तरी वाचतो काय? महिलांवरील अत्याचारांविरुद्धचे शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी संमत केले. ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेले आणि तेथून कायदा होऊन परतले नाही. दरम्यान १ जुलै २०२४ पासून देशात नवी न्याय संहिता लागू झाली. सभागृहातील मतदान हा प्रवासाचा शेवट नसतो. राज्यपालांनी विधेयके अडवून ठेवण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जे मत दिले, त्यात संमतीसाठी ठराविक मुदत घालण्यास नकार दिला. मात्र अमर्याद काळ निर्णयाविना बसून राहणेही अमान्य केले. अशा स्थितीत विधेयकाच्या पाठीशी जितकी सखोल चर्चा असेल, तितके ते अडविणे नैतिक दृष्ट्या कठीण होईल. पाऊण तासात संमत झालेल्या विधेयकासाठी आग्रह धरण्याचे बळ विधिमंडळास कोठून यावे?

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. विधेयकाची मराठी प्रत, त्याच्या उद्देशांच्या निवेदनासह, चर्चेपूर्वी निदान पंधरा दिवस सामान्य वाचकास सहज मिळावी. ज्या विधेयकाने नागरिकाचे स्वातंत्र्य, घर वा उपजीविका यांवर परिणाम होतो, ते समितीकडे पाठविणे हा नियम असावा आणि न पाठविणे हा अपवाद. त्या अपवादाचे कारण मंत्र्यांनी सभागृहात सांगावे. समितीस ठराविक मुदत असावी, म्हणजे चिकित्सेच्या नावाखाली कोणाचे दफन होणार नाही. एका सभागृहाची मान्यता आणि दुसऱ्यातील चर्चा यांत काही दिवसांचे अंतर असावे. आणि कायदा होऊन पाच वर्षे लोटली म्हणजे त्याने काय साधले याचा हिशेब पटलावर यावा. यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही. सभागृहाचे नियम आणि सभागृहाची इच्छा पुरेशी आहे.

महाराष्ट्राला हे अशक्य आहे असे कोण म्हणेल? विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमीची योजना आकाराला आली, दुष्काळाच्या अनुभवातून तावूनसुलाखून निघाली, मग १९७७ साली तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अंमलात आला. २००५ साली साऱ्या देशाने तशाच हमीचा कायदा केला. ज्या सभागृहातून असा कायदा निघाला ते सभागृह केवळ होकाराचा शिक्का बनावे, हे त्याच्या परंपरेस शोभत नाही.

शेवटी दोन शब्द वाचकांसाठी. आपल्या आमदारास आपण रस्ता, नळ आणि बदली यांविषयी विचारतो. ‘या अधिवेशनात कोणत्या विधेयकावर आपण बोललात?’ असे क्वचितच विचारतो. तो प्रश्न मतदारांनी विचारावयास लागावे. प्रतिनिधीला उत्तर द्यावे लागेल हे कळले म्हणजे तो विधेयक वाचू लागेल. आणि वाचलेल्या विधेयकावर मुकाट्याने हात वर करणे कोणाही विचारी माणसास जड जाते.