दार एस सलामचं पोट कोण भरतं?

टांझानियाची राजधानी डोडोमा. पण देशाचं खरं महानगर म्हणजे हिंदी महासागराच्या काठावरचं दार एस सलाम. १९६७च्या जनगणनेत इथे पावणेतीन लाख माणसं होती, २०२२मध्ये जवळपास ५४ लाख. इतक्या झपाट्यानं वाढलेलं शहर जेवतं कसं, याबद्दल न पाहताच ठाम मतं देणारे पुष्कळ भेटतात.

त्यांतलं सगळ्यांत जुनं मत म्हणजे, आफ्रिकेतली शहरं परदेशी मदतीवर आणि बोटीतून आलेल्या धान्यावर जगतात. गहू बाहेरून येतो, खाद्यतेलही बरंचसं, तेवढं खरं. पण दारचं रोजचं जेवण म्हणजे उगाली, मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. सोबत घेवड्याचं कालवण किंवा म्चिचा, म्हणजे आपला माठच. मका डोडोमा, इरिंगाकडून येतो, तांदूळ म्बेया आणि मोरोगोरोचा, कांदा सिंगिडाचा, संत्री टांगाकडची. पालेभाजी तर बरीचशी शहरातच, ओढ्यानाल्यांकाठच्या तुकड्यांवर पिकते.

हे पिकवणारे बहुतेक थोड्या एकरांचे धनी. मग पुढची शंका येतेच : इतके लहान शेतकरी इतक्या मोठ्या शहराला पुरे कसे पडणार? डोडोमा-मोरोगोरो रस्त्यावरच्या किबाइग्वाच्या धान्यबाजारात याचं उत्तर सापडतं. कुणी दोन पोती आणतं, कुणी वीस. एका व्यापाऱ्याच्या मालानं ट्रक भरला नाही, तर तिघं-चौघं मिळून तो भाड्यानं घेतात. दारमध्ये मन्झेसे, तांदाले अशा दाट वस्त्यांतल्या छोट्या गिरण्यांत हा मका उतरतो. साल काढून दळला की पांढरंशुभ्र सेम्बे, सालासकट दळला की डोना. (पौष्टिक डोना, खपतं मात्र सेम्बे. ही हौस आपल्याला अनोळखी नाही.) तिथून सायकल, मोटरसायकल, हातगाडी, जे मिळेल त्यावरून पीठ गल्लीतल्या दुकानात जातं. दुकानदार पाव किलोही देतो, मापभर तेलही, आणि ओळखीच्या गिऱ्हाइकाला उधारीवर. रस्त्याकडेला चूल मांडणाऱ्या मामा लिशे तिथूनच पीठ नेतात आणि दुपारी मजुरांना गरम उगाली वाढतात.

मार्क वेगेरिफ या संशोधकानं या साखळीचा माग काढून २०१७मध्ये वाखेनिंगेन विद्यापीठात प्रबंध सादर केला. शहर वाढलं की इथे एखादं दुकान अवाढव्य होत नाही. तसंच आणखी एक दुकान पुढच्या गल्लीत उघडतं, हे त्याचं निरीक्षण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. या व्यवस्थेला मालक नाही, म्हणून ती बेशिस्त दिसते, इतकंच.

'एखादी मोठी यंत्रणा हवी' म्हणणाऱ्यांना टांझानियाचाच इतिहास दाखवावा. समाजवादी धोरणाच्या काळात धान्यखरेदीचा मक्ता सरकारी नॅशनल मिलिंग कॉर्पोरेशनकडे होता. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला शहरात टंचाई आणि काळाबाजार दोन्ही जोरात होते. १९८४पासून निर्बंध सैल करावे लागले. सुपरमार्केटंही येऊन पाहून गेली. दक्षिण आफ्रिकेच्या शॉपराइटनं २०१४मध्ये इथली दुकानं केनियाच्या नाकुमाटला विकली. पुढे नाकुमाटच बुडालं. २०२१च्या जुलैत करिआकोच्या प्रसिद्ध बाजाराची मुख्य इमारत जळाली, तेव्हा मात्र व्यापारी इतर बाजारांत पांगले आणि विक्री चालू राहिली.

एकाच बड्या गिऱ्हाइकावर विसंबण्याची किंमत तिथल्या तूर उत्पादकांना विचारावी. त्यांची तूर मुख्यतः भारतासाठी पिकते. ऑगस्ट २०१७मध्ये भारतानं तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली आणि तिकडचे भाव कोसळले. आपल्या वरणाशी जोडलेली ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाच्या कानावर आली नाही.

राहिला दलाल. तो फुकट खातो, हा समज आपल्याइतकाच तिथेही घट्ट. प्रत्यक्षात बाजारातला दलाल अनोळखी शेतकऱ्याचा माल खपवून देतो आणि गिऱ्हाइकाची पत जोखतो. पैसे बुडाले तर त्याचं नाव बुडतं, आणि नावाशिवाय उद्या त्याच्याकडे माल येणार नाही. पण त्याला साधू ठरवायचंही कारण नाही. पोत्यावर जाळीची टोपी शिवून वर बटाटे-कांदे रचायचे आणि भाव एकाच पोत्याचा द्यायचा, या प्रकाराला तिथे लुंबेसा म्हणतात. कायद्यानं त्याला बंदी आहे, अधूनमधून मोहिमाही निघतात. तरी शेतात उभा असलेला व्यापारी लुंबेसाच मागतो, कारण नाही म्हटलं तर तो पुढच्या शेतात जाईल आणि काढलेला बटाटा थांबणार नाही. गावात तराजू आला, की निदान हुज्जत किलोवर घालता येते.