रंग देण्याआधी लाकूड तपासा

१४ एप्रिल जवळ आला की आपल्या घराघरांत साफसफाई आणि रंगरंगोटी सुरू होते. चाळीतली जुनी लाकडी गॅलरीही एका दिवसात चकचकीत होते. पण त्या रंगाखाली चांगले लाकूड किती उरले आहे, हे थोडीच कुटुंबे पाहतात. मिरवणूक आली की त्याच गॅलरीत पंधरा-वीस माणसे कठड्याला टेकून उभी राहतात. म्हणून रंगाचा डबा उघडण्यापूर्वी गॅलरी तपासा, अशी आमची वाचकांना कळकळीची विनंती आहे.

जुन्या चाळींच्या गॅलऱ्या बहुधा सागवानी असतात. भिंतीत रोवलेल्या तुळया, त्यांवर ठोकलेल्या फळ्या आणि पुढे कठडा, अशी ती रचना. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. गाभ्याबाहेरचे फिकट लाकूड मात्र तितके चिवट नसते, आणि सतत ओला राहिला तर गाभाही कुजतो. कुजणे हे बुरशीचे काम. बुरशीला ओल लागते. ओल थांबली की कुजणे थांबते. डागडुजीचे सारे मर्म यातच आहे.

तपासणी कशी करावी?

एक स्क्रू-ड्रायव्हर आणि एक बॅटरी पुरते. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना विचारून त्यांच्या गॅलरीतून वर पाहा. तुळईचे भिंतीत शिरणारे टोक आधी तपासा. तिथली ओल वाळत नाही, म्हणून कुजणे बहुधा तिथूनच सुरू होते. मग पाण्याच्या पिंपाखालची, कुंड्यांखालची आणि पागोळी पडते तिथली जागा पाहा. स्क्रू-ड्रायव्हर टोचा. चांगले लाकूड टोक आत घेत नाही. लोण्यात शिरावे तसे टोक शिरले, तर ते लाकूड गेले असे समजा. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. बारीक गोल भोके आणि खाली पिठासारखा भुगा दिसला तर लाकूड किड्याने पोखरले आहे.

काम कसे करावे?

पाणी कुठून येते ते आधी शोधा. फुटलेली पन्हळ, गळका नळ, सरकलेला पत्रा यांची दुरुस्ती झाल्याशिवाय नवी फळी बसवू नका. सगळ्या फळ्या बदलण्याचीही गरज नसते. घट्ट असलेला जुना साग तसाच ठेवा, कुजलेल्या तेवढ्याच बदला. फळ्यांमध्ये तीन-चार मिलिमीटर फट ठेवली तर पाणी निथळते. खिळ्यांऐवजी जस्ताचा मुलामा दिलेले स्क्रू वापरा.

तुळई कुजली असेल तर तो घरच्या घरी करण्याचा उद्योग नव्हे. खालून टेकू देऊन, जाणत्या सुताराकडूनच ते काम करून घ्यावे. तोवर गॅलरी वापरू नये.

कुजक्या फळ्या झाकायला वर सिमेंट ओतून लाद्या बसवण्याची पद्धत फार वाईट. वजन वाढते, ओल आत कोंडते आणि खालची तुळई दिसेनाशी होते. दोनशे लिटरच्या भरलेल्या पिंपात पाण्याचेच वजन दोनशे किलो होते. ते गॅलरीच्या कडेला ठेवू नका.

कठडा साडेतीन फूट उंच असावा. दोन गजांतले अंतर चार इंचांपेक्षा कमी ठेवा, म्हणजे लहान मुलाचे डोके त्यातून जाणार नाही.

जुन्या रंगाच्या थरांत शिसे असू शकते. घरगुती रंगांत दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे असण्यास आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून मनाई आहे. त्याआधीच्या रंगाची खात्री नाही. म्हणून कोरडे घासू नका, पाणी लावून घासा आणि मुलांना दूर ठेवा. अळशीचे तेल लावलेली फडकी बोळा करून टाकू नका. ती आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवूनच फेकावीत.

खर्च कोणी करायचा?

भाड्याच्या घराची दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी आहे, असे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ सांगतो. किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊनही मालक हलला नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतात. मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. पावत्या जपून ठेवा. मुंबई शहरातल्या उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडाचे दुरुस्ती मंडळ आहे. तिथे अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

हा अर्ज एकट्याने करू नये. गॅलरी साऱ्या मजल्याची असते. आपल्या दारापुढची फळी नवी केली आणि शेजारची तुळई कुजकी राहिली, तर धोका टळत नाही. मजल्यावरच्या सर्व कुटुंबांनी एकत्र बसावे, सह्या कराव्यात आणि पावसाळ्यापूर्वी काम उरकून घ्यावे. रंग त्यानंतर सावकाश द्यावा.